विद्युल्लताबाई आधी फोन करतात

विद्युल्लता हे नाव ज्यांनी ठेवलं, त्यांच्या मुलीकडून मोठ्या अपेक्षा असणार. वीज म्हटली की ती कडाडायला हवी, निदान चमकायला तरी. भिवंडीच्या कासार आळीतल्या विद्युल्लता गुप्ते यांनी साठी ओलांडेपर्यंत यातलं काही केलं नव्हतं. रागावल्या तर त्या 'बरं' म्हणत. फारच रागावल्या तर 'बरं बरं' म्हणत, आणि समोरच्यानं त्यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

कल्याण नाक्याजवळ कापड रंगवणाऱ्या डाईंग कारखानदारांची एक संस्था आहे. तिच्या कचेरीत बाईंची हयात गेली. निवृत्त झाल्या तेव्हा हार-नारळ झाला, भाषणं झाली, आणि पुढच्याच सोमवारी अध्यक्षांचा फोन आला की बाई, जरा येता का, दोन शेठ एकमेकांशी बोलत नाहीयेत. त्या गेल्या त्या परत कचेरीतच बसल्या.

हे डाईंगवाले म्हणजे मोठी मजेदार जमात. लग्नकार्यात एकमेकांच्या पंगतीला मांडीला मांडी लावून बसतील, पण कोण कुठून रंग आणतो आणि कुणाचा बॉयलर किती कोळसा खातो हे विचारा, लगेच कानावर हात. अशा माणसांना बाई एका टेबलाभोवती आणत, आणि त्याचं इंगित एवढंच होतं की बाईंसमोर कुणाचं तोंड कधी पडलं नाही. बैठकीत एखादे शेठ घोरायला लागले, तर बाई खिडकी लावायला उठत आणि ती जरा जोरात लावत. एकानं दुसऱ्याला पाठवलेला निरोप त्या पोचवत, पण वाटेत त्यातल्या शिव्या गाळून. ऐकणाऱ्याला वाटे, चला, माणूस वाटतो तेवढा वाईट नाही.

शिवाय बाईंचा एक नेम होता. कळवल्याशिवाय त्या कुणाच्या दारात पाऊल ठेवत नसत. शेजारी विरजण मागायला जायचं तरी आधी फोन.

"आई, समोरचं दार आहे ते," सून दिपाली म्हणे. "इथून हाक मारली तरी ऐकू जाईल."

"हाक मारणं बरं दिसतं का? त्यांना आवरायला थोडा वेळ नको?"

कळवून गेलं की समोरचा माणूस बनियनवर शर्ट चढवतो, पलंगावरचे कपडे उचलतो, पोराला गप्प बसवतो. यात लबाडी काही नाही, उलट येणाऱ्याचा मान आहे, असं बाईंचं ठाम मत. आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी कितीजणांचं मत याहून वेगळं आहे?

तर अशा या बाईंच्या कचेरीत एक दिवस केदार आला. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेतला तरुण शास्त्रज्ञ, पाठीला सॅक, डोळ्यांत उत्साह, आणि भिवंडीच्या खड्ड्यांनी नुकतीच हाडं खिळखिळी झालेली. त्याचं काम मोठं होतं. पोलाद, सिमेंट, रंगाई, जिथे जिथे भट्ट्या पेटतात तिथला कार्बन कमी कसा करायचा, यावर बऱ्याच संस्था मिळून संशोधन करत होत्या. पोलाद कुणाच्या वाट्याला, सिमेंट कुणाच्या. केदारच्या वाट्याला भिवंडीचे बॉयलर आले होते.

त्याच्याकडे एक यंत्र होतं. धुराड्यातून जी उष्णता फुकट आभाळात जाते ती पकडायची, आणि तिच्यावर बॉयलरचं पाणी आधीच तापवून घ्यायचं. म्हणजे कोळसा कमी जळेल, धूर कमी होईल. यंत्राला लांबलचक इंग्रजी नाव होतं. भिवंडीनं पहिल्याच दिवशी ते बाजूला सारलं आणि लोखंडी खोक्यासारख्या दिसणाऱ्या त्या यंत्राला 'पेटी' म्हणायला सुरुवात केली.

"पण मॅडम, सगळ्या कारखान्यांचे खरे आकडे मिळाले तरच हे जमेल," केदार म्हणाला. "आधी किती कोळसा लागत होता आणि पेटी बसवल्यावर किती लागतो. बाकी काही नको."

बाईंना ते एकदम पटलं. गच्चीत वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर काजळी बसायची, ती झटकण्यात त्यांची अर्धी सकाळ जाई. पण त्याहून आत काहीतरी हललं होतं. आयुष्यभर त्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा मागवला, रुसवे काढले. यातून जगाला काय मिळालं असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. या कामातून मिळणार होतं. केदारनं कागदोपत्री त्यांना 'समन्वयक' केलं, तेव्हा घरी जाऊन त्यांनी दिपालीला तीनदा तो शब्द ऐकवला.

मग बाई कामाला लागल्या. जे शेठ सख्ख्या भावाला बॉयलरजवळ फिरकू देत नसत, त्यांनी बाईंच्या शब्दाखातर दारं उघडली. केदारची माणसं प्रत्येक कारखान्यात मोजणीला जाऊन बसणार होती. आणि बाईंनी, अर्थातच, प्रत्येकाला आधी फोन केला.

"शेठ, सोमवारी पाहुणे येतायत हं. मुंबईचे आहेत. जरा आवरून ठेवा."

मोजणी झोकात झाली. सगळ्यांत मोठा बॉयलर भिवंडीलगतच्या पूर्णा गावातल्या बाळारामशेठचा. आजूबाजूच्या सगळ्यांनी जमिनी गोदामांना दिल्या आणि भाडं खात बसले. या एका गड्यानं वडिलांच्या शेतावर रंगाईचा कारखाना काढला. तिथे केदारचं स्वागत झालं ते नवरदेवासारखं. बॉयलरला नवा रंग, दारात रांगोळी, आणि दुपारी तांदळाच्या भाकरी आणि चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण. शास्त्रज्ञानं पहिला घास घेतला आणि मग बराच वेळ शास्त्राचं नाव काढलं नाही.

"मॅडम, इतके टापटीप कारखाने असतील असं वाटलं नव्हतं," परत येताना तो म्हणाला. बाई कौतुकानं हसल्या. आपली माणसं आहेत, असं त्यांना वाटलं.

पुढे पेट्या बसल्या, त्यांच्याबरोबर मीटरही बसले. मीटर आपोआप मोजत होते, त्यांच्यासाठी कुणाला जायची गरज नव्हती. काही महिन्यांनी केदार आकडे घेऊन आला आणि खुर्चीत बसला तो बसूनच राहिला.

"काही फरक नाही, मॅडम. आधी जेवढा कोळसा लागत होता, तेवढाच आत्ताही लागतोय. बाळारामशेठकडे तर थोडा जास्तच. पुढच्या महिन्यात आढावा आहे. मला लिहावं लागेल की पेटीचा उपयोग नाही. हे काम बंद होईल, आणि दुसरीकडेही कुणी पेटी बसवणार नाही."

बाईंनी बाळारामशेठना फोन केला, येऊ का म्हणून विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण्याला गेल्या. शेठ ऐनवेळी बाहेर गेले होते. घरात त्यांची बायको हौसाबाई होत्या, आणि हौसाबाईंच्या जिभेला हाड नाही हे साऱ्या पूर्ण्याला ठाऊक आहे.

"कोलसा जास्त लागतो?" हौसाबाई म्हणाल्या. "मंग लागनारच ना, बाय! ते मुंबईवाले आलंवते तवा आमचे यानी काय कमी केलं? रोज ओल्या चिंध्या जालतात, त्यानं भट्टी कोंदते, त्या सगल्या पाठच्या शेडात कोंबल्या. चांगल्यातला कोलसा मागवला. वाफेचे पाइप गलतात, त्यांना नव्या पट्ट्या बांदल्या. आतली काजली खरवडून काढली. मी बोलली, पोराचं लगीन हाय का काय! तं बोलतात, बाईंचा फोन आलाय, पावने येतात."

"आणि नंतर?"

"नंतर काय? पावने गेलं, परत होतं तसंच!"

बाई तशाच उठल्या. रिक्षात बसल्याबसल्या त्यांनी आणखी दोघा-तिघांना फोन लावले, इकडचं तिकडचं बोलत, पाहुण्यांचा विषय हळूच काढत. सगळीकडे तेच. कुणी काजळी काढली होती, कुणी पाइप बांधले होते, कुणी दोन जुनी मशिनं तेवढ्यापुरती बंदच ठेवली होती. 'आधीचे' म्हणून जे आकडे केदारनं लिहून घेतले, ते आधीचे नव्हतेच. ते पाहुणचाराचे होते. त्या सणासुदीच्या आकड्यांशी रोजच्या रहाटगाडग्याची तुलना चालली होती, आणि बिचारी पेटी नापास झाली होती.

आणि हे सगळं कुणी केलं? फोन कुणाचा होता?

बाईंनी केदारला सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की त्याला दोनदा 'काय?' म्हणावं लागलं. ऐकून त्यानं आधी कपाळाला हात लावला, आणि मग तो हसायलाच लागला.

"मॅडम, डॉक्टर ताप बघायला यायच्या आधी तुम्ही रोग्याला तापाची गोळी देऊन ठेवलीत! आणि मी पण काय, चिंबोऱ्या खात बसलो." मग तो गंभीर झाला. "उपाय आहे. पेटीची झडप बंद केली की बॉयलर पूर्वीसारखाच चालतो. पुन्हा मोजायचं. पण रोज जसं चालतं तसं, आणि न सांगता जाऊन. मालकांना सांगू की मीटर बिघडला होता."

बाईंना ती कल्पना क्षणभर फार आवडली. अगदी त्यांच्या पठडीतली होती. कुणाचं तोंड पडणार नाही, मीटर बिचारा कशाला तक्रार करतोय? पण मग त्यांच्या लक्षात आलं की त्यानं काही साधणार नाही. पुन्हा मोजणी म्हटली की शेठ पुन्हा रंग लावतील, पुन्हा पट्ट्या बांधतील. आवरू नका, हे त्यांना तोंडावर सांगावं लागणार होतं. आणि ते का सांगतोय, हेही. याला कुठलीही सभ्य वाट नव्हती, आणि बाईंनी सगळ्या शोधून पाहिल्या.

महिन्याच्या बैठकीला सगळे शेठ जमले. केदारनं आकडे वाचले. सगळे चुकचुकले, पेटीला नावं ठेवून झाली. तेवढ्यात बाई उठल्या. खिडकी लावायला उठल्या असतील म्हणून एक पेंगणारे शेठ घाईघाईनं ताठ बसले.

"पेटी चांगली आहे," बाई म्हणाल्या. "आकडे खोटे आहेत. केदार यायच्या आधी मी तुम्हाला प्रत्येकाला फोन केला, आणि तुम्ही आवरून ठेवलंत. चिंध्या लपवल्यात, चांगला कोळसा आणलात, गळके पाइप बांधलेत. मला कळलंय. चूक माझी आहे. पण आता परत मोजू द्यायला लागेल, आणि आवरायचं नाही."

मालक एकमेकांकडे बघेनात. प्रत्येकाला वाटत होतं की बाईंनी आपल्याच कारखान्यात डोकावून पाहिलंय आणि बाकीचे सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत. बाळारामशेठ लाल झाले. बाईंना आपण काय सांगितलं ते हौसाबाईंनी घरी कबूल करून टाकलं होतंच.

"बाई, तुमी माझ्या घरात बसलाव, चा प्यालाव," ते उठून म्हणाले. "आनि माझ्या चिंध्या चार लोकांत काडल्याव? एवढ्या वर्षांची वलख आपली! मना नको तुमची पेटी न् बिटी. उद्यापासून माझे गेटवर येवाचा नाय."

आणि ते निघून गेले. जिन्यावरची त्यांची पावलं खालपर्यंत ऐकू आली. बाई उभ्याच होत्या. त्यांच्या सबंध कारकिर्दीत त्यांच्या बैठकीतून असं कुणी उठून गेलं नव्हतं.

कोपऱ्यातून इश्तियाकशेठ खाकरले. शांतीनगरचे जुने डाईंगवाले, दाढी पांढरी.

"बाईजी, अब बात निकली है तो बोल देता हूं. पाइप तो सबने बांधे होंगे. हमने बॉयलर के सामने गमले रखवाए थे. फूलवाले. किराये के."

आधी कुणाला कळेना की हसावं की नाही. मग एकाला हसू फुटलं, आणि सगळं सभागृहच हसत सुटलं. त्यानंतर चढाओढच लागली. एकानं सांगितलं, मी फायरमनला नवा गणवेश शिवला. दुसरा म्हणाला, मी तर धूर दिसू नये म्हणून केदारसाहेबांना सारखा कचेरीतच बसवून ठेवत होतो. आपल्यासारखाच बाजूवाल्याचाही पाइप गळतो, या शोधानं त्या माणसांना जो आनंद झाला तो वर्षभराच्या नफ्यानंही झाला नसेल. पुन्हा मोजायला सगळ्यांनी होकार दिला. हे ऐकायला फक्त बाळारामशेठ तिथे नव्हते.

पुढच्या दिवसांत केदारची माणसं न सांगता एकेका कारखान्यात जाऊन थडकली. झडपा बंद झाल्या, मोजणी झाली, आणि पेटीनं कोळसा वाचतो हे स्पष्ट दिसायला लागलं. पण बाळारामशेठचा बॉयलर सगळ्यांत मोठा. त्याच्याशिवाय अहवाल अर्धा होता, आणि आढावा जवळ आला होता.

बाईंना अहवालाची काळजी होती, पण खोटं कशाला बोला, त्याहून जास्त लागली होती ती जिन्यावरची पावलं. रोज त्यांचा हात फोनकडे जाई. एक फोन, दोन गोड शब्द, झालं गेलं विसरा शेठ. असे किती रुसवे त्यांनी काढले होते! पण फोन केला की शेठना कळणार, बाई येणार. आणि बाई येणार हे कळलं की काय होतं ते आता त्यांना ठाऊक होतं. माफी मागायची तर तोंडावर, आणि तीही न सांगता जाऊन. हे त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी त्या केदारला घेऊन रिक्षात बसल्या. वाटेत तीनदा म्हणाल्या, "बरं नाही दिसत हे." पूर्ण्याला उतरल्या तेव्हा रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती आणि बाळारामशेठच्या चिमणीतून काळा धूर निघत होता. मोजणीच्या दिवशीसारखा झिरझिरीत नाही, चांगला दाट.

गेटवरचा वॉचमन जुना होता. त्यानं बाईंना पाहिलं आणि तो गोंधळला.

"बाईजी, आज फोन नहीं आया आपका?"

"नहीं किया," बाई म्हणाल्या. वॉचमन आत गेला. गेट त्यानं उघडलं नाही.

बराच वेळ कुणी आलं नाही. केदार घड्याळ बघत होता. बाई पदर सारखा करत होत्या, आणि मनात वाक्यं जुळवत होत्या, आणि प्रत्येक वाक्य मोडून पडत होतं.

मग बाळारामशेठ आले. बनियन, अर्धी चड्डी, हात कोपरापर्यंत काळे. गेटच्या गजांपलीकडे येऊन ते उभे राहिले. इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाशिवाय पाहिलंच नव्हतं.

"माझं चुकलं, शेठ," बाई म्हणाल्या. जुळवलेल्यातलं एवढंच हाताला लागलं. "तुमच्या घरातली गोष्ट मी तशी चारचौघांत बोलायला नको होती. आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं. पण मी तुमच्या एकट्याबद्दल बोलत नव्हते. सगळ्यांचंच तसं होतं."

"मालूम हाय मना. इश्तियाकभाईचा फोन आलावता. गमल्यांचा सांगलान." त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसले नाहीत. "मंग दुसऱ्या दिशी का नाय आलाव? मी वाट बघत व्हतो."

"तुम्हीच म्हणालात, गेटवर यायचं नाही."

"मी बोललो!" शेठ तडकले. "रागात मानूस काय पन बोलतो. तेवढा पन कलत नाय? एक फोन तरी कराचा!"

"फोन केला असता तर तुम्ही आवरून ठेवलं असतंत."

बाळारामशेठनी मागे वळून शेडकडे पाहिलं, मग स्वतःच्या काळ्या हातांकडे.

"आत सगली घान हाय, बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले. "चिंध्या तशाच पडल्यान. पाइप फुसफुस करतान. तुमाला बसाला जागा पन नाय."

"मी बसायला आले नाही."

शेठनी कडी काढली. गेट करकरत उघडलं, आणि तिघं आत गेले. पाइपांतून ठिकठिकाणी वाफ निसटत होती. भट्टीच्या तोंडाशी रंगीबेरंगी चिंध्यांचा डोंगर होता आणि हौसाबाई साडी खोचून दोन बायकांबरोबर त्या निवडत बसल्या होत्या. बाईंना पाहताच त्या धडपडून उठल्या.

"अगो बाय! सांगलंव नाय काय नाय!" म्हणत त्यांनी ढीग गोळा करायला घेतला, खुर्ची कुठाय म्हणून ओरडल्या, पदरानं घाम पुसला, सगळं एकदमच.

"ऱ्हाऊ दे तसाच," बाळारामशेठ म्हणाले. "पावने नाय आलं. आपली बाई आलीय."

केदार पेटीकडे गेला आणि मोजणीसाठी त्यानं तिची झडप बंद केली. विद्युल्लताबाई वाफेत उभ्या होत्या. भिवंडीतल्या प्रत्येक कारखान्यात आजवर त्यांना खुर्ची मिळाली होती, थंड पाणी मिळालं होतं, पंखा त्यांच्याकडे वळवला गेला होता. घरचं माणूस मात्र त्यांना कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणायला त्यांनी कुणाला जागाही ठेवली नव्हती. त्यांना रडू आलं. ते त्यांनी झाकलं नाही.